कुंड्यावरचा दगड

जोंजूच्या दक्षिण बाजारात कुमजाला ओळखायला तिचा चेहरा दिसावा लागत नसे. ओढ्याच्या पुलावरून मोडांची टोपली येताना दिसावी, आणि टोपलीखाली जेमतेम टोपलीएवढीच बाई, की समजावं किसोकची आई आली. बुटकी, रुंद, पाय जमिनीत रोवल्यासारखी चालणारी. तिच्या अंगलटीवर कोणी बोललं तर ती रागावत नसे. उलट म्हणायची, "मी सासूच्या कुंड्यात वाढलेय बाबा. तिथं जे घालाल ते जाडच निघतं."

लोक हसत, पण बाई खरं तेच सांगत होती.

ती इमसिलच्या डोंगरातली. तिथं सोयाबीनची एक बारीक काळी जात पिकते, तिला आमच्याकडे उंदराचे डोळे म्हणतात. त्याच बियांच्या पोत्याबरोबर, जवळजवळ त्याच गाडीतून, कुमजा लग्न होऊन जोंजूला आली. तेव्हा ती चवळीच्या शेंगेसारखी होती, यावर आज कोणाचा विश्वास बसणार नाही. सासरचा धंदा मोडांचा. बिया भिजवायच्या, तळाला भोकं असलेल्या मातीच्या कुंड्यात घालायच्या, वर काळं फडकं टाकायचं आणि दिवसरात्र पाणी ओतत राहायचं. ओतलेलं पाणी खालून निघून जातं, तरी आतले दाणे वाढत राहतात. उजेड मात्र लागता कामा नये, नाहीतर डोकी हिरवी पडतात आणि कडवटतात. एवढं सगळ्याच घरांत करत. पण कुमजाच्या सासरी आणखी एक रीत होती. मोड बोटभर वर आले की त्यांच्यावर लाकडी झाकण ठेवायचं आणि झाकणावर दगड. ओढ्यातला चपटा, काळा, हात लागून लागून तुकतुकीत झालेला. कुंड्याकुंड्याला दगड होता, पण हा सगळ्यांत जड, सासूचा स्वतःचा.

"मोड काय आणि सून काय," सासू तो दगड ठेवताना म्हणे, "वर वजन असलं तरच अंगानं भरतात. मोकळे सोडले की नुसते लांबतात. चवीला पाणी!"

आणि सासूनं वजन ठेवलं, त्यात कसूर केली नाही. बाई उठताबसता बोलायची. कुमजानं पाणी ओतलं तर जास्त, नाही ओतलं तर आळशी. नवरा स्वभावानं गरीब, खोकत खोकत अकाली गेला. पदरात किसोक. सासू गेली तेव्हा कुमजा मोडांसारखीच आखूड आणि भरीव झालेली होती, आणि बाजारात तिच्या मोडांना तोड नव्हती. एवढं सोसून माल असा निघतो, म्हणजे म्हातारी खरंच बोलत होती, असं तिनं स्वतःला समजावून टाकलं. नाहीतर एवढी वर्षं कोणत्या खात्यावर घालायची?

मग किसोक मोठा झाला, लग्न केलं, आणि त्या काळी निम्मं गाव जात होतं तसा वाळवंटातल्या देशात बांधकामावर गेला. तिथं परांचीवरून पडला. परत आली ती एक पेटी. घरात उरल्या सासू आणि सून.

सून मिरान. उत्तरेकडच्या एका शेतकी कॉलेजातल्या प्रयोगशाळेत ती लग्नाआधी काम करायची, शिकतही होती. किसोकसाठी तिनं ते अर्ध्यात टाकलं. तो गेल्यावर माहेरची माणसं न्यायला आली, तेव्हा ती म्हणाली, "आईंचे कुंडे आहेत." बस. एवढंच कारण. कुमजानं तेव्हा तोंड फिरवून शेगडीत कोळसा घातला, कारण डोळे दाखवायची तिला सवय नव्हती.

दोघींचं बरं चाललं होतं. अंगणात घमेल्यात मोड धुताना, त्यांची टरफलं काढताना मिरान बोलायची. कुमजाला ते ऐकायला आवडे, पण तसं कबूल केलं तर ती कुमजा कसली!

"आई, मोड वाढतो म्हणजे काय होतं, सांगू?"

"तू सांगेपर्यंत तो वाढून बाजारात जाईल."

"आत नवीन फारसं काही होत नाही. आहेत त्याच पेशी लांब होतात. पेशी म्हणजे बारीक बारीक खोल्या समजा, एकीवर एक. प्रत्येक खोलीत पाणी ठासून भरलेलं. ते भिंतीला ढकलत असतं, आणि भिंत काही सोडत नाही."

"म्हणजे आपलंच घर."

मिरान हसली. "मग शेंड्याकडून एक निरोप उतरतो. संप्रेरक म्हणतात त्याला. अगदी कणभर असतं. ते पोचलं की पेशी स्वतःच्याच भिंतीत आंबटपणा सोडते."

"आंबट?"

"आंबट. त्यानं भिंत सैल पडते. पाणी तर ढकलायला बसलेलंच असतं. खोली ताणली जाते. मग आंबटपणा ओसरतो, भिंत पुन्हा घट्ट होते. पण तोवर खोली लांब झालेली असते."

कुमजानं हातातला मोड उजेडात धरून पाहिला, जणू आतल्या खोल्या दिसणार होत्या. "किमची मुरली की कोबीचा ताठा जातो, तसं?"

"तसंच थोडं."

"आणि दगड काय करतो?"

"वरून भार आला की मोड स्वतःच एक वायू सोडतो. कच्चे पर्सिमन सफरचंदाशेजारी ठेवले की पिकतात ना, तोच वायू. तो सुटला की खोल्या उंच व्हायच्या त्या आडव्या पसरतात. उंची जाते, जाडी येते. पाणी तेवढंच."

"म्हणजे सासूबाई बरोबर होत्या!" कुमजानं विजयानं टोपली आपटली.

"जाडीबद्दल बरोबर होत्या," मिरान म्हणाली आणि पुढचं घमेलं ओढलं.

कुमजाच्या मोडांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बाजारातली चोमसुन. तिच्या टपरीवजा खाणावळीत सकाळी मोडांचं कढत सूप आणि त्यात भात मिळे. आदल्या रात्री प्यायलेली माणसं ते पिऊन माणसात येत. चोमसुनच्या तोंडी शिव्यांशिवाय शब्द नव्हता, आणि आमच्याकडचे लोकही असे की तिनं एखाद्या दिवशी शिवी दिली नाही तर विचारत, आज माझं काही चुकलं का? आसपासच्या घरांत फोन असलेली जागाही तीच.

त्या सकाळी दोघी टोपल्या उतरवत होत्या तेव्हा चोमसुन आतूनच ओरडली, "ए मोडवाले! तुझ्या सुनेला फोन आहे. कोणी प्रोफेसर म्हणतोय. घशात माशाचा काटा अडकल्यासारखा बोलतो मेला!"

मिरान आत गेली. कुमजा मोड मोजत असल्यासारखी वाकून राहिली, पण कान कुठे होते ते सांगायला नको. "हो सर... नाही सर, मी इथंच... हो, विचार करते."

मिरान बाहेर येऊन पुन्हा टोपल्या उतरवायला लागली, पण चोमसुननं तिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि भर टपरीत जाहीर केलं. जुन्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती. काम करता करता अर्धवट राहिलेलं शिक्षणही पुरं करता आलं असतं. चुसोक झाला की उत्तर हवं होतं. चुसोक म्हणजे पितरांना नवा भात दाखवायचा सण, तो तोंडावर आलेला.

"मग? जातेस ना ग?" चोमसुननं विचारलं.

"सणाचे मोड आधी पुरे करू देत, मावशी," मिरान म्हणाली.

घरी आल्यावर कुमजानं कपाळाला पांढरी पट्टी आवळून बांधली आणि ती खालून तापवलेल्या ऊबदार जमिनीवर आडवी झाली. आमच्याकडे सासवा भांडत नाहीत, पट्टी बांधतात. पट्टी बांधली की घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. मिराननं पेज करून आणली. कुमजा छताकडे बघत म्हणाली, "माझं काय, मी आज आहे, उद्या नाही. कुंडे कोणाला तरी देऊन टाकीन. किसोकचा फोटो तेवढा तू ने." हे तिनं म्हटलं आणि आपल्याच आवाजाची तिला शरम वाटली, कारण तो आवाज तिच्या ओळखीचा होता, सासूचा. तरी पट्टी सोडवेना. आतून नुसती भीती होती. हे अंगण, ही घमेली, आणि समोर टरफलं काढायला कोणी नाही. किसोकची पेटी आली त्या दिवशीही ती एवढी घाबरली नव्हती, कारण तेव्हा मिरान शेजारी होती.

चोमसुन तब्येत बघायला आली. पट्टीकडे बघून तिनं विचारलं, "डोकं दुखतंय की सून दुखतेय?"

"चालती हो."

"होते. पण सणाला दुप्पट मोड लागतील, आणि लवकर लागतील. सून दुखो नाहीतर सासू."

ती गेली, आणि कुमजाच्या डोक्यात एक कल्पना आली. कल्पना वाईट नव्हती, नुसती अर्धी होती. मोड जर आंबटपणानं वाढतात, तर आंबट घरात काय कमी आहे? परसात पर्सिमनच्या शिरक्याचं, म्हणजे फळं आंबवून केलेल्या आंबट पाण्याचं, मोठं मडकं होतं, सासूच्या हातचं मुरवण चालत आलेलं. मोड दुप्पट वेगानं वाढले तर मिरानला दाखवता येईल, बघ, तुझं शिक्षण इथंही चालतं. कशाला हवं उत्तरेला जायला? आपलं अंगण हीच प्रयोगशाळा. दोघी मिळून आणखी कुंडे मांडू.

मिरान सणाला वाफवायच्या पिठाच्या गोळ्यांसाठी तांदूळ दळायला गिरणीत गेली होती. कुमजानं पट्टी सोडली, पाण्याच्या प्रत्येक बादलीत शिरक्याची पळी घातली, आणि मग हात आखडता घ्यायचा तिचा स्वभाव नसल्यानं आणखी एक घातली. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशीही, मिरान कुठं गुंतली आहे बघून. सुगरणीनं आमटीत मीठ घालावं इतक्या विश्वासानं ती कुंडे शिंपत होती.

सणाच्या आदल्या सकाळी फडकी काढली आणि घरभर वास सुटला. मुळं तपकिरी, बुळबुळीत. डोक्यांवर डाग. हात घातला तर मोड बोटांत विरघळत होते. एकही कुंडा वाचला नव्हता.

मिराननं कुंड्याखाली साठलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"बादली नीट धुतली गेली नसेल," कुमजा म्हणाली.

मिराननं परसातल्या मडक्याकडे पाहिलं. झाकण तिरकं होतं. मग तिनं कमरेला बांधलेलं फडकं सोडलं, हात धुतले आणि बाजाराची वाट धरली.

कुमजा मागून निघाली, पण तिच्या पायांना मिरानची चाल कुठून येणार? ती टपरीच्या दारात पोचली तेव्हा आत चोमसुनचा पट्टा चालू होता.

"माझीच चूक आहे, मावशी," मिरान सांगत होती. "मी प्रयोग करत होते."

"प्रयोग! सणाच्या तोंडावर प्रयोग! उद्या गिऱ्हाइकांच्या वाडग्यात काय वाढू, तुझं पुस्तक उकडून? शिकलेल्या बायका घरात आणल्या की असंच होतं. त्या म्हातारीनं जन्म घातला त्या कुंड्यांत, आणि तू..."

"ए चोमसुन, तोंड आवर!" कुमजा दारातून ओरडली. "तिला काही म्हणायचं नाही. शिरका मी ओतला."

सूप पिणाऱ्यांचे चमचे थांबले. चोमसुनचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि ही गोष्ट बाजारानं पहिल्यांदा पाहिली.

"तू?"

"मी."

"मग मोड कशाला म्हणतेस, लोणचं म्हणून विकायचं होतंस!" चोमसुननं पळी आपटली, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि दोन वाडगी पुढं सरकवली. "गिळा आधी. नंतर रडा."

परतताना दोघी ओढ्याच्या काठानं चालत होत्या. नुकतं ऊन चढत होतं, बायका सणाचे कपडे वाळत घालत होत्या.

"आंबटपणा आतून यावा लागतो, आई," मिरान हळूच म्हणाली. "जिथं हवा तिथंच, जरासा. तेही शेंड्याकडचा निरोप आल्यावर. बाहेरून ओतला की मुळं जळतात."

"ते आता कळलं." कुमजा थांबली. "तू जाऊ नयेस म्हणून केलं मी. दुसरं काही नाही. तू गेलीस तर मी काय करू, मला कळत नाही."

मिराननं तिच्याकडे पाहिलं. "मी कुठं जातेय? मी त्यांना दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून पत्र टाकलं."

खरं सांगायचं तर कुमजाला त्या क्षणी आनंद झाला. मोड सडले होते, सणाची अब्रू गेली होती, आणि ही बाई मनातून नाचत होती. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. सणाला पितरांपुढं विकतचे मोड मांडावे लागले. मोडवालीच्या घरी विकतचे मोड! किसोकच्या फोटोकडे बघून ती म्हणाली, "चालवून घे रे. तुझी बायको राहतेय." फोटोतला किसोक नेहमीसारखाच हसत होता.

सण सरला. नव्या बिया भिजल्या, मोड बोटभर वर आले. कुमजा ओसरीवर बसून सुतळी वळत होती, आणि मिरान कुंड्यांवर झाकणं ठेवत होती. तिनं कुमजाच्या सासूचा तो मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला, हुंकार दिला, झाकणावर ठेवला आणि कमरेवर हात टेकून उभी राहिली. मग कुमजाच नेहमी करून दाखवायची ती नक्कल करत, म्हाताऱ्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मोड काय आणि सून काय, वर वजन असलं तरच अंगानं भरतात!"

तिला वाटलं कुमजा हसेल. कुमजा हसली नाही.

ती मिरानकडे बघत राहिली. किसोकनं आणली तेव्हा पोरगी पुलावरून धावत यायची. आता तिचे खांदे पुढं आले होते, हात पाण्यानं सुजल्यासारखे झाले होते, चेहरा भरला होता. चांगली भरलीय हो सून, असं बाजारात बायका म्हणत, आणि कुमजाला त्याचा अभिमान वाटे. जाडीबद्दल बरोबर होत्या, असं मिरान म्हणाली होती. तेव्हा ते कानावरून गेलं होतं. आता ते छातीत बसलं. आणि दगड तरी कोणी ठेवला? सासूनं आपल्यावर ठेवला होता, निदान आपल्याला शिव्या तरी देता आल्या मनातल्या मनात. ही तर स्वतःच उचलून स्वतःवर ठेवतेय, वर हसतेय.

"कोपऱ्यातल्या कुंड्याचं मी बघीन," कुमजा म्हणाली. "तू त्याला हात लावू नकोस."

"का?"

"लावू नकोस म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच चोमसुनच्या टपरीत गेली आणि म्हणाली, "त्या माशाच्या काट्याला फोन लाव."

फोन तिनं आयुष्यात फारसा वापरला नव्हता. उत्तरेपर्यंत आवाज पोचायचा म्हणजे ओरडायलाच हवं, अशी तिची समजूत होती. "सर! मी मिरानची सासू! ती नाही म्हणाली ते धरू नका! तेव्हा माझ्या कपाळाला पट्टी होती! ...पट्टी हो! ते राहू द्या. जागा आहे का अजून?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. कुमजानं डोळे मिटून घेतले. जागा गेलेली असावी असं तिला अर्धं वाटत होतं, आणि त्याबद्दल ती स्वतःला शिव्याही देत होती.

"आहे," प्रोफेसर म्हणाले. "पण तुमची परवानगी..."

"परवानगी कसली मागता? पोरगी आहे ती माझी. येतेय."

फोन ठेवला तेव्हा टपरीतली सगळी माणसं वाडग्यात तोंड घालून बसली होती. चोमसुन पाठ फिरवून पातेलं घासत होती, स्वच्छ पातेलं. "उद्यापासून माझा जावई येईल टोपल्या न्यायला," ती म्हणाली. "कमरेचं सोंग घेऊन घरी लोळतो मेला."

मिरानला कुमजानं काही सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या कुंड्यावर ती रोज पाणी ओतत होती. झाकण नव्हतं, दगड नव्हता, नुसतं काळं फडकं. दिवसागणिक ते फडकं वर उचललं जात होतं, तंबूसारखं. एकदा तिनं खालून हात घालून पाहिला. मोड बारीक होते, वाकडेतिकडे, एकमेकांत गुंतलेले, आणि असे लांब की बाजारात कोणी फुकट नेले नसते.

मग एका सकाळी तिनं त्यांचं सूप केलं. कढत, वर तिखट, खारवलेली बारीक कोलंबी, एक अंडं. चौरंग ओसरीवर मांडला आणि मिरानला हाक मारली.

मिराननं चमचा घातला. मोड चमच्यात मावेनात, दोन्ही बाजूंनी लोंबत राहिले. तिनं काड्यांनी एक उचलला, उचलतच राहिली.

"आई, यांच्यावर दगड ठेवला नव्हता?"

"विसरले."

"तुम्ही विसरलात?"

"वय झालं आता."

मिराननं मान वर केली आणि तेव्हा तिला ओसरीच्या कडेला ठेवलेलं गाठोडं दिसलं. तिचे कपडे, तिची जुनी पुस्तकं, आणि शेजारी तिचे कॉलेजातले बूट, पुसून लख्ख केलेले. ते कोरडे राहावेत म्हणून आत कागद कोंबला होता.

"आई..."

"जेव. बस कोणासाठी थांबत नाही. फोन केलाय मी तुझ्या प्रोफेसरांना, फार ओरडले मी, कान गेला असेल त्यांचा."

"तुम्ही एकट्या..."

"चोमसुनचा जावई आहे. आणि सणाला तू येशीलच. नाही आलीस तर बघ, पट्टी बांधून येईन तिथं."

मिरान रडत रडत जेवू लागली. कुमजाही रडत होती, आणि या खेपेला तिनं तोंड फिरवलं नाही. वाडगं अर्धं झाल्यावर तिनं नाक ओढलं आणि सवयीनं म्हणाली, "लांब झालेत नुसते. चवीला पाणी असतील."

"नाही, आई. गोड आहेत."

"काहीतरीच."

"खाऊन बघा."

कुमजानं मिरानच्या वाडग्यातला एक मोड उचलून तोंडात घातला. सावकाश चावला. एवढी वर्षं या घरात मोड पिकवले, पण दगडाशिवायचा हा तिचा पहिलाच.

"हो की ग," ती म्हणाली. "सासूबाईंनी कधी चाखूनच पाहिला नव्हता."